आडवं मुसळ

"पिशवीत काय आहे?" दारावरच्या माणसानं विचारलं, तेव्हा त्याचा रुमाल आधीच नाकापर्यंत पोचला होता.

"जवळा," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"सुकवलेली बारीक कोळंबी. आमच्या पापडात असते. आम्ही स्पर्धेला आलोय. आडखोल आणि हुंबरदरी, अशी जोडी आहे आमची."

त्यानं आम्हा तिघींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी आणि जैबुन किनाऱ्यावरच्या, आडखोल बंदरातल्या. मी खारवी कोळ्यांची, ती दालद्यांची, म्हणजे मुसलमान कोळ्यांची. तिचा नवरा आणि माझा दीर एकाच होडीवर जायचे. तिसरी हौसाक्का, घाटावरच्या हुंबरदरीची. नऊवारी लुगडं, गळ्यात तुळशीची माळ आणि खांद्यावर मनगटाएवढं जाड मुसळ. मुसळ तिनं मांडणीत ठेवायला आणलं होतं. टेम्पोतही ते खाली ठेवायला ती तयार नव्हती.

माळ दिसली तसा तो माणूस एकदम वाकला. "माउली, तुम्ही या ना आत. उन्हात कशाला उभ्या?" मग आमच्याकडं वळून, "तुम्ही जरा इथंच थांबा. साहेबांना विचारून येतो."

दारातल्या फोटोवाल्यानं तिचा एक फोटो काढला आणि हौसाक्का आत गेली. जाताना वळून म्हणाली, "लगीच या गं." आम्ही तिथंच उभ्या राहिलो. डोक्यावर भलामोठा फलक होता: 'शाश्वत अन्नसाखळीसाठी प्रादेशिक सहकार्य आणि नवोपक्रम: पाच जिल्ह्यांची परिषद'.

"काय लिवलाय, वयनी?" जैबुननं विचारलं. मी वाचून दाखवलं.

"म्हंजे काय?"

"म्हणजे आपण करतो तेच."

"मग यवडा लांब कशाला लिवलाय?"

आम्ही दोघी हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसू.

आम्ही काय करत होतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचा राग कळायचा नाही. आमच्याकडं जवळा आला की जाळ्यात मावत नाही. खायला किती लागतो? उरलेला वाळूवर पसरायचा, सुकला की व्यापाऱ्याचा ट्रक यायचा आणि सगळा कोंबडीखाद्याच्या कारखान्याला जायचा. तिथून तो कोंबड्यांच्या पोटात, आणि कोंबड्या शहरात. इकडं घाटावर हुंबरदरीला डोंगरउतारावर नाचणी पिकते. ती घ्यायला कुणी येत नव्हतं. तिथली पोरं नाचणीची भाकरी चटणीशी खाऊन मोठी होत होती, हातापायांच्या काड्या घेऊन. मधे एक कुंभार्ली घाट, एवढंच अंतर.

हौसाक्का मला पहिल्यांदा चिपळूणच्या बाजारात भेटली. माझ्या पाटीसमोर उभी राहिली, गळ्यात माळ, आणि म्हणाली, "शेरभर जवळा घाल." मी बघतच राहिले. तिनं पिशवी हातात घेतली नाही, काठी पुढं केली आणि म्हणाली, "हिच्या टोकाला अडकीव." सून बाळंत झाली होती, अंगावर दूध येत नव्हतं, कुणीतरी जवळा द्यायला सांगितलं होतं. म्हणून ही माळकरी बाई काठीच्या टोकाला जवळा टांगून एसटीत चढली. कंडक्टरशी भांडली असणारच. पुढल्या महिन्यात नाचणीचं गाठोडं घेऊन परत आली आणि म्हणाली, "बाळ गुटगुटीत हाय. आता गावातल्या बाकीच्या पोरांचं बघायला पायजे."

तिथून सगळं सुरू झालं. घाट चढायला लागतो त्याच्या पायथ्याशी भाताची एक बंद पडलेली गिरण होती, ती आम्ही मागून घेतली. नाचणीची उकड हुंबरदरीच्या बायका काढायच्या, हौसाक्का ती उखळात मुसळानं कुटायची. आम्ही जवळा निवडून, तव्यावर भाजून, पूड करून त्यात मळायचो आणि पापड लाटायचो. तेल न घालता नुसता निखाऱ्यावर भाजला तरी फुलायचा. पोरं हातोहात पळवायची.

आता हौसाक्काची अडचण अशी की ती जवळ्याला शिवत नव्हती. त्यावर तिनंच तोड काढली. उकड कुटून झाली की ती मुसळ धुऊन आमच्या आणि तिच्यामधे जमिनीवर आडवं टाकायची. अलीकडं ती, पलीकडं आम्ही. मग उकडीला तेलाचा हात लावून गोळा करायचा आणि मुसळावरून पलीकडं लोटून द्यायचा. "घे गं, आला," असं म्हणायची. गोळा घरंगळत आमच्या परातीत यायचा. जैबुनला पहिल्या दिवशी ते टोचलं होतं, मला ठाऊक आहे. पण मग पापड भाजून झाला की हौसाक्का आम्हाला समोर बसवून खायला लावायची आणि कान देऊन ऐकायची. चव तिला घेता येत नव्हती ना! "आवाज बसका येतोय," असं म्हणून दुसऱ्या घाण्याला पापडखार वाढवायची, आणि तिचं बरोबर निघायचं. दुसऱ्या महिन्यापासून जैबुन तिच्यासाठी घरून वेगळ्या भांड्यात चहा आणायला लागली.

या परिषदेत बक्षीस म्हणून वाळवणघर होतं. उन्हावर चालणारं, काचेच्या छपराचं, जाळ्यांच्या तबकांचं. दोन जिल्ह्यांनी मिळून काही नवं केलेलं असलं पाहिजे, अशी अट होती. आमच्यासाठीच घातल्यासारखी. आदल्या वर्षी मे महिन्यात अवकाळी सर आली, आणि वाळूवर पसरलेला अख्ख्या आडखोलचा जवळा घडीभरात चिखल झाला. जैबुन त्या चिखलात बसून ओंजळीनं जवळा उचलत होती. कशाला उचलत होती ते तिलाही माहीत नव्हतं. म्हणून वाळवणघर आम्हाला हवंच होतं. बक्षीस म्हणून नाही, गरज म्हणून.

तर आम्ही दारात उभ्या. आतून परिषदेचे सचिव आले, सरनोबत साहेब. पांढरा शर्ट, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, आवाज मधाळ. रागावणारा माणूस परवडतो, त्याच्याशी भांडता तरी येतं. हा नुसताच गोड होता.

"ताई, या या. किती लांबून आलात! फार कौतुक वाटतं. फक्त एक छोटीशी अडचण आहे."

"कसली?"

"हे सभागृह ज्या ट्रस्टचं आहे ना, त्यांचा नियम आहे. मासळी आत चालत नाही. वासाचा प्रश्न असतो. तुमच्यासाठी मागच्या बाजूला छान सोय केली आहे."

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. आम्ही कोल्हापुरात उभ्या होतो. ज्या गावात तांबडा-पांढरा रस्सा वाढल्याशिवाय पाहुण्याला उठू देत नाहीत, त्या गावात हा माणूस आम्हाला वासाचं सांगत होता.

"साहेब, पापड बंद पाकिटात हायत," जैबुन म्हणाली. "उघडल्याबिगर वास कुठनं येणार?"

"तुमचं बरोबर आहे हो. पण लोकांच्या भावना असतात. आता तुमच्या सोबतच्या त्या मावशींचंच बघा ना. गळ्यात माळ आहे त्यांच्या. त्यांना किती त्रास होत असेल याचा!"

"हौसाक्का काही बोलली तुम्हाला?" मी विचारलं.

सरनोबत साहेब किंचित हसले. "असं समजा," म्हणाले.

ते दोन शब्द मी अजून विसरलेले नाही. जैबुनचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला.

मागची 'छान सोय' म्हणजे जनरेटरची शेड होती. त्याच्या धडधडाटात एकमेकींचं बोलणंही ऐकू येत नव्हतं. काळा धूर थेट टेबलावर येत होता. डिझेलच्या वासानं कुणाच्याच भावना दुखावत नव्हत्या. आम्ही चादर अंथरली, पाकिटं मांडली, शेगडी पेटवायला घेतली. तिकडं फिरकायचं कुणाला कारणच नव्हतं, कारण त्या बाजूला यायची वाट फक्त शौचालयाकडं जाणाऱ्यांना माहीत होती.

"माळवाली ती माळवालीच," जैबुन म्हणाली. 

"असं बोलू नकोस."

"का नको? आत बसलीय ना ती खुर्चीत? आली का बघायला, आमी मेलो का जगलो? तवाच मी सांगितलेला, मुसळ आडवा टाकते ती बाय आपली नाय."

 हौसाक्का आली नव्हती हे खरंच होतं. सकाळ सरून जेवायची वेळ होत आली तरी ती आली नव्हती.

मग शेजारच्या पत्र्याच्या खोलीसमोर एक रिक्षा थांबली. दोन माणसांनी हॉटेलातले स्टीलचे डबे उतरवले. झाकण सरकलं तशी जैबुननं मान वर केली. तिला सांगायला नको, मलाही नको.

"बकरा हाय," ती म्हणाली.

थोड्या वेळानं आतून माणसं आली. गळ्यात निळ्या फिती. परीक्षक, पाहुणे आणि त्यांच्या मागोमाग सरनोबत साहेब. आमच्यासमोरून गेले, कुणी आमच्याकडं पाहिलं, कुणी नाही. पत्र्याच्या खोलीत पंगत बसली. रश्श्याचा वास असा दरवळला की जनरेटरनं लाजावं. ट्रस्टचा नियम बहुतेक पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी संपत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मांस चालतं. वास चालतो. नियमही वाकतो. चालत नव्हतो त्या आम्ही. मासळी विकणाऱ्या बायकांच्या अंगाला येतो तो वास यांना नको होता. ताटात वाढून दुसऱ्यानं आणला की तो जेवणाचा वास होतो. ही साधी गोष्ट समजायला मला आयुष्यातली चाळीस वर्षं लागली याचाही राग आला.

जेवण उरकून, दातात काडी घालत सरनोबत साहेब आमच्याकडं आले. हातात एक पाटी होती.

"ताई, मी तुमच्यासाठी मार्ग काढलाय," ते म्हणाले. "परीक्षकांना तुमची कल्पना फार आवडली आहे. खरं सांगतो, पहिला नंबर तुमचाच आहे. फक्त तेवढं जवळ्याचं अडतंय."

त्यांनी पाटी फिरवली. छापून तयार होती: 'नाचणी-कोकम पापड. हुंबरदरी आणि आडखोल'.

"आमच्या पापडात कोकम नाही," मी म्हणाले.

"हो, पण कोकणातलंच आहे ना ते? किनाऱ्याचा सहभाग राहतो, घाटाचा राहतो. जोडीची अट पूर्ण होते. मावशी मंचावर येऊन दोन शब्द बोलतील, त्यांच्या गळ्यात माळ आहे, फोटोही चांगला येईल. वाळवणघर मात्र तुमच्याच गावाला. मग त्यात तुम्ही काय वाळवता ते बघायला कोण येणार आहे?"

"आणि हौसाक्का याला तयार आहे?"

"त्या साध्या आहेत हो. त्यांना काय कळणार यातलं! तुम्ही शहाण्या आहात. तासाभरात सांगा."

तो गेला. जैबुन पाटीकडं बघत होती. वाचता येत नव्हतं तरी तिला सगळं कळलं होतं.

"घेऊया का, वयनी?" ती अगदी हळू म्हणाली. रागानं नाही. मला तो प्रश्न तिच्या ओरडण्यापेक्षा जास्त लागला. कारण तोच प्रश्न माझ्याही मनात होता. चिखलातून ओंजळीनं जवळा उचलणारी जैबुन मी पाहिली होती. एक खोटं बोललं की ते पुन्हा होणार नव्हतं. कुणाचं काय जाणार होतं?

"हौसाक्काला विचारून येते," मी म्हणाले.

दारावरच्या माणसानं मला अडवलं. तो रुमाल नाकाला लावेपर्यंत मी त्याच्या बाजूनं आत गेले.

हौसाक्का पहिल्या रांगेत बसली होती. हातात फुलांचा गुच्छ, छातीला बिल्ला. मुसळ दोन पायांमधे उभं धरलेलं. मला पाहून ती उठलीच.

"यमुने! अगं हुतीस कुटं? सकाळधरनं इचारतीया. आधी म्हनले तुमी नाष्ट्याला गेलाय. मग म्हनले तुमचा टेबल मागं मांडलाय, तिकडं लई गर्दी हाय, तुमाला उसंत न्हाई. मी येतो म्हनलं तर म्हनले, माउली, तुमी बसा, तुमचा मान हाय."

"गर्दी?" मी म्हणाले. "अक्का, आम्ही जनरेटरपाशी बसलोय. तिकडं कुत्रंसुद्धा येत नाही."

मी सगळं सांगितलं. नियम, वास, पत्र्याची खोली, कोकम.  टेबलावर परीक्षकांसाठी आधीच पाठवलेल्या आमच्या नमुन्याच्या पाकिटांपुढं तसलीच एक पाटी होती, तिच्याकडं बोट करून हौसाक्का म्हणाली, "वाचली मी. म्हनलं छापनारा चुकला आसंल."

"चुकला नाही."

"आन् माज्या माळंचं नाव घेतलं त्यानं?"

"हो."

"मी सांगितलं म्हनला?"

"'असं समजा' म्हणाला."

हौसाक्काचा हात माळेवर गेला.  मग तिनं विचारलं, "जैबुनला काय वाटलं?"

मी खाली पाहिलं. तिला उत्तर मिळालं.

"कोकम म्हनलं तर वाळवनघर मिळंल?"

"मिळेल."

"तुमच्या गावाला?"

"हो."

"मग तुज्या मनात काय हाय ते सांग. मी तसं करीन. वाळूवर जवळा तुमचा भिजतो, माजा न्हाई. खोटं बोलायचं तर माज्या तोंडून जाऊ दे, मी बघून घेईन माजं."

ती हे मनापासून म्हणत होती. माझ्यासाठी ती खोटं बोलायला तयार होती, आणि तेच मला सहन होईना.

"मला वाळवणघर हवंय, अक्का," मी म्हणाले. "लई हवंय. पण जवळ्याला जवळा म्हणायची चोरी असेल तर त्या वाळवणघरात आम्ही वाळवायचं काय? तोंड लपवून वाळवायचा का?"

तिनं मान हलवली. गुच्छ माझ्या हातात दिला. "हे धर," म्हणाली, "माजं नाव पुकारत्यात."

खरंच पुकारत होते. "नाचणी-कोकम पापडाच्या निर्मात्या, आपल्या सर्वांच्या माउली, हौसाबाई!" टाळ्या झाल्या. ती मुसळ खांद्यावर टाकून पायऱ्या चढली. सरनोबत साहेब ध्वनिक्षेपक घेऊन पुढं आले, फोटोवाला आडवा आला. हौसाक्का फोटोला थांबली नाही. तिनं मुसळ खांद्यावरून उतरवलं आणि साहेबांच्या आणि आपल्या मधे, मंचावर आडवं टाकलं. त्या लाकडाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. साहेब दचकून एक पाऊल मागं सरले.

"आमी कामाला बसतो तवा हे असं मधी घालतो," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक तिनं कसा, कधी घेतला ते मला कळलंच नाही. "अलीकडं मी, पलीकडं यमुना आन् जैबुन. मी माळकरी. जवळा मी खात न्हाई, शिवत न्हाई. पर गोळा माजा ह्यावरनं पलीकडं जातो आन् त्या त्यात जवळा मळत्यात, तवा त्याचा पापड हुतो. कोकम न्हाई त्यात. पाटी खोटी हाय."

"मावशी, आपण नंतर…" साहेब पुढं झाले.

"तिकडंच थांबा. मुसळ वलांडू नका."

आणि गंमत बघा, तो खरंच थांबला.

"मला इचारलं का कुनी, की बाई, तुला वासाचा तरास हुतो का? न्हाई इचारलं. त्या दोघींना धुरात बसिवलं आन् माजं नाव सांगितलं. तीन वरसं आमी मांडीला मांडी लावून बसतोय ह्या मुसळाच्या दोन्ही बाजूला, कंदी भांडान न्हाई. ही माळ माज्या गळ्यात हाय, माज्या तोंडापुरती. तुमी ती काढली आन् तुमच्या दाराला कडी म्हनून घातली. कुनी सांगितलं हुतं तुमाला? मला मान दिला म्हनं! असला मान चुलीत घाला."

सभागृहात कुणीतरी खोकलं. मागं एक खुर्ची सरकली. मी वाट बघत होते की आता कुणीतरी उठेल. पाच जिल्ह्यांची माणसं होती तिथं, परीक्षक होते, सहकार्यावर सकाळपासून भाषणं करणारे होते. कुणी उठलं नाही. साहेबांनी इशारा केला, ध्वनिक्षेपक बंद पडला. दुसरा हातात घेऊन ते हसत म्हणाले, "माउली जरा भावुक झाल्या आहेत. आपण पुढच्या जोडीकडं वळू या."

भावुक! रागावलेल्या बाईला भावुक म्हटलं की तिचं म्हणणं ऐकावं लागत नाही.

हौसाक्कानं मुसळ उचललं आणि खुर्च्यांच्या मधून सरळ दाराकडं चालायला लागली. मी टेबलावरची पाकिटं ओच्यात घेतली, गुच्छ पाटीवर ठेवला आणि तिच्या मागं गेले.

जनरेटरपाशी जैबुन शेगडीसमोर, आमच्याकडं पाठ करून बसली होती. हौसाक्का तिच्यासमोर जाऊन बसली, मुसळ आडवं ठेवलं आणि म्हणाली, "भाज की गं."

जैबुननं वर पाहिलं नाही. "तू आत सांगितलंस म्हने, वास येतो."

"मी आत काय सांगितलं ते यमुनेला इचार. तू आधी भाज. कान लावून बसतो मी. ह्या मशीनच्या आवाजात ऐकू येतंय का बघू."

मी सांगितलं. जैबुन ऐकत गेली आणि पापड निखाऱ्यावर टाकत गेली. वास उठला, जनरेटरच्या धुराला मागं सारून. पत्र्याच्या खोलीतून हॉटेलची दोन माणसं डोकावली, आली, उभ्या उभ्या खाल्लं, आणखी मागितलं. बाहेर थांबलेले गाड्यांचे ड्रायव्हर आले. आतले काही शेतकरी आले, बायका आल्या. एक आजोबा खाता खाता म्हणाले, "आत म्हनले कोकम हाय." निळ्या फितीवालं मात्र एकही आलं नाही. संध्याकाळपर्यंत आमची पाकिटं संपली.

बक्षीस कुणाला मिळालं ते आम्ही ऐकायला थांबलो नाही. पुढं कळलं होतं, पण ते लक्षात ठेवावं असं मला वाटलं नाही. आडखोलचा जवळा अजून वाळूवरच सुकतो, आणि मे महिन्यात ढग दिसला की अजूनही सगळं गाव ताडपत्र्या घेऊन धावतं.

परतताना टेम्पोत जैबुन म्हणाली, "अक्का, मी तुज्यावर शक घेतला."

"घेशीलच. त्या मानसानं घ्यायलाच लावला की. तुजा दोष न्हाई," हौसाक्का म्हणाली. आणि मग घाटमाथ्यावर उतरेपर्यंत त्या सरनोबताला तिनं ज्या शिव्या दिल्या, त्या मला इथं लिहिता येणार नाहीत. माळेचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात गिरणीत काम सुरू झालं. तिनं मुसळ धुतलं आणि नेहमीसारखं आडवं टाकलं. जैबुननं नेहमीसारखा वेगळ्या भांड्यात चहा आणला.

वर्षभरानं परिषदेचं नवं पत्रक टपालानं आलं. गुळगुळीत कागद, वर हौसाक्काचा अख्खा पानभर फोटो. गळ्यातली माळ ठळक दिसेल असा. खाली लिहिलं होतं, 'प्रादेशिक सहकार्याचा चेहरा'. हुंबरदरीचं नाव होतं, आडखोलचं नव्हतं. फोटो दारातला, आम्ही आलो तेव्हाचा होता. तिच्या खांद्याशी कुणाचं तरी कोपर दिसत होतं, हिरव्या काचेच्या बांगड्यांचं. ते माझं. कापताना तेवढं राहून गेलं होतं.

मी ते पत्रक गिरणीत नेलं आणि वाचून दाखवलं. हौसाक्का हात पुसून फोटो बघत राहिली. जैबुन पलीकडून मान उंचावून बघत होती. भाजलेल्या जवळ्याच्या पुड्या बांधायचं काम चाललं होतं, आणि कागद संपले होते.

हौसाक्कानं पत्रक मुसळावरून पलीकडं सरकवलं.

"घे गं जैबुन," ती म्हणाली. "बांध ह्याच्यात. लागू दे माज्या तोंडाला वास."